हौद्यात आडवं माणूस मावेल अशी गाडी

मामंजी,

आज तुमच्याशी थेट बोलते आहे. आत्याबाई ओसरीवर डोळे मिटून पडल्या आहेत, हे वांग्याच्या तोडणीला गेले आहेत, आणि तुमच्या-माझ्यामध्ये उभं राहायला कुणी उरलेलं नाही. तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. जाताना प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. माणूस करारी होता, शब्दाचा पक्का होता, पाटाच्या पाण्यावरून साऱ्या गावाशी भांडला पण कुणाची पाळी चोरली नाही. मी पदराआडून मान हलवत होते. मला मात्र सारखी ती गाडी आठवत होती, आणि तुमचा रागही येत होता. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी असं जातं का?

आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच झालं तर मध्ये कुणीतरी घ्यायचं. मध्ये बहुतेक आत्याबाई असायच्या. त्या नसल्या की हे. हेही नसले की भिंत. एकदा तर तुम्ही गोठ्यातल्या म्हशीला म्हणालात, "म्हणावं, चुलीवरचं दूध उतू चाललंय." मीही म्हशीकडं बघूनच "व्हय" म्हणाले आणि आत पळाले. पाठीमागं तुम्ही हसलात. मी ऐकलं होतं ते.

मी वालचंदनगरची. बाबा कारखान्यात फिटर, आम्ही तिथल्या चाळीत वाढलो. तिकडं बायका आपल्या सासऱ्याला "चहा घेता का" एवढं तरी विचारायच्या. इथं आल्यावर पहिलं वर्ष माझी जीभ नुसती वळवळत असायची. पुढं सवय झाली. मधलं माणूस घेऊन भांडण्यातही एक गंमत असते, ती मला तुमच्याच घरात कळली. समोरच्याला काहीही सुनावता येतं आणि शिवाय मर्यादाही राहते.

आपला मळा कालव्यावर, बारामती-इंदापूर रस्त्यापासून बराच आत. पाण्याला तोटा नाही, म्हणून वांगी, टोमॅटो, पेरू सगळं पिकतं. पिकलेलं बाजारात न्यायचं तर भाड्याच्या लॉरीची वाट बघायची. टोपल्या भरून रस्त्याकडेला लावलेल्या, वर ऊन, आणि तुम्ही त्यांच्यावर ओली पोती टाकत येरझाऱ्या घालताय, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. पण तेवढ्यासाठी तुम्ही गाडी घेतली नसती. दावणीला बैल असताना मोटारवाल्याची मिजास कशाला, असं तुम्ही म्हणायचात.

गाडी घ्यायची ठरली ती सखूवन्संमुळं. ती गोष्ट घरात कुणी काढत नाही, मीच काढते. तुमची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. सुईणीच्या हातून काही होईना, तेव्हा तिला बैलगाडीत घालून तुम्ही स्वतः बारामतीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन निघालात. बैल पळून पळून किती पळणार? वन्सं वाचल्या, मूल गेलं. घरी आल्यावर तुम्ही बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं आणि गोठ्यातच बसून राहिलात. जेवायला बोलवायची कुणाची छाती झाली नाही.

मग दिवाळी सरल्यावर एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "मोटार घ्यायची." आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मला तेव्हा दिवस गेले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरातलं तुम्हाला न सांगताच कळायचं. मी घाबरले होते, मामंजी. आता सांगायला हरकत नाही. वन्संचं ओरडणं कालव्यापर्यंत ऐकू गेलं होतं, आणि आता तीच वाट माझ्यापुढं होती. ज्या गाडीत टोपल्या जाणार तिच्यातच कधीतरी मी जाणार, हे मला दिसत होतं. त्यामुळं कुठली गाडी येते यावर माझा जीव टांगलेला होता.

तुमच्या मनात बारामतीच्या व्यापाऱ्याची लॉरी भरली होती. लष्कराच्या लिलावातून आलेली, अवाढव्य, दारं नसलेली, चाकं माझ्या कमरेएवढी. तुम्ही तिच्याभोवती फिरलात, नाकावर थाप मारलीत, खाली वाकून पोट बघितलंत. खिल्लारी खोंड घेताना जसं बघायचात तसंच. घरी येऊन म्हणालात, "छाती बघण्यासारखी हाय. साऱ्या गावाचा माल एका खेपंत न्हील."

माझ्या डोळ्यापुढं दुसरी गाडी होती. वालचंदनगरच्या एका ठेकेदाराची छोटी, मागं उघडा हौदा, हौदा जमिनीपासून बुटका, आणि मागचा फाळका खाली सोडला की पायरीसारखा टेकणारा. बाबांनी तिचं काम केलेलं होतं. ठेकेदार ती विकणार, असं त्यांनी यांच्याजवळ निरोपानं कळवलं. तो निरोप ऐकल्या ऐकल्या तुमचा चेहरा बदलला.

"व्याह्याच्या वशिल्यानं आलेली गाडी दारात उभी ऱ्हायची," तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "आन उद्या बिघडली म्हंजी? सुनंला बोलायचं का व्याह्याला? बैल घ्यावा तर ज्याला शिव्या देता येतील अशा माणसाकडनं."

हे तुमचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटतं.

मग भांडण जुंपलं. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, तुम्ही पाटावर, मी दाराआड.

"म्हणावं, लॉरी मोठी हाय, पर आजारी माणूस तिच्यात चढवायचं कसं?"

"तिला म्हणावं, चार गडी उचलून घालतील."

"म्हणावं, गडी रानात असले तर?"

"म्हणावं, हाका मारायच्या. तोंड हाय न्हवं?"

"म्हणावं, तोंड हाय, पर ते उघडायची मुभा कुठं हाय?"

आत्याबाई एकदा इकडं, एकदा तिकडं मान वळवत होत्या. शेवटी त्यांनी पीठ झटकलं. "मला बाई भाकरी करू द्या. करपली तर दोघंबी मलाच बोलशीला. तुमचं तुमी बोला." भांडण तिथंच थांबलं. मध्ये माणूस नसलं की आपल्याला भांडताही येत नव्हतं.

तुम्ही तुमचंच केलंत. नवा बैल घेताना जुंपून बघायचा, भरल्या गाडीला लावून बघायचा, तसं लॉरीचं करायचं ठरवलंत. पेरूच्या टोपल्या भरून, घरची माणसं बसवून, थेट नरसिंहपूर. कुलदैवताचं दर्शन होईल, परतताना इंदापूरच्या बाजारात पेरू उतरतील आणि लॉरीची पारखही होईल. व्यापाऱ्यानं त्याचा ड्रायव्हर दिला.

निघताना फाळक्याला शिडी लावली. नऊवारी सावरत, पोट सांभाळत मी चढले. आत्याबाई तुम्हाला म्हणाल्या, "पोटुशी हाय. तिला म्होरं बसू द्या." पण पुढं तुम्ही होतात. सासऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सून बसणार कशी? आणि तुम्ही उठून मागं यावं असं कुणाच्याच मनात आलं नाही, तुमच्याही नाही. "मालक टोपल्यात बसतो व्हय?" एवढंच म्हणालात. त्या वाटेनं मी टोपलीची कड धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला आत्याबाई माझ्या पोटावर हात ठेवायच्या, आणि पुढं तुमचा फेटा ऐटीत डुलताना दिसायचा. तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले, ते इथंही लिहिणार नाही.

नरसिंहपुरात देवळाच्या अलीकडं रस्ता नदीकडं उतरतो. ड्रायव्हरनं उतारावरच लॉरी थांबवली, पुढच्या चाकाला दगड लावला आणि चहाला गेला. हे नारळ आणायला गेले. आम्ही दोघी हौद्यातच होतो, कारण शिडी कुणी लावायची? तुम्ही उतरलात आणि चार पावलं खाली जाऊन लॉरीकडं तोंड करून उभे राहिलात. तिला समोरून बघत होतात. बैल असाच समोरून बघायचा असतो म्हणे.

दगड करकरला. आधी वाटलं, कुणीतरी पायानं सरकवला. मग टोपल्या हलल्या. मी उठून कॅबिनच्या टपावरून पाहिलं तर लॉरी हळूहळू पुढं चालली होती आणि समोर तुम्ही होतात.

बाजूला व्हायचं सोडून तुम्ही धोतर खोचलंत, दोन्ही तळवे लॉरीच्या नाकावर टेकवलेत आणि पाय रोवून तिला म्हणू लागलात, "हो! हो रं! हो... हो!"

सुटलेली गाडी तुम्ही आयुष्यभर अशीच थांबवली होती. बैलाच्या तोंडापुढं जायचं, वेसण धरायची, गोड बोलायचं. लॉरी काही ऐकेना. तुमच्या वहाणा धुळीत मागं मागं सरकत होत्या, मागं नदीचा उतार, आणि तुम्ही अजून तिची समजूत घालत होतात. आत्याबाईंच्या तोंडातून आवाज फुटेना. मधलं माणूसच मुकं झालं होतं.

मी ओरडले, "मामंजी, बाजूला व्हा! बैल न्हाय त्यो! मामंजी!"

तुम्ही वर पाहिलंत. लॉरीला नाही तेवढे माझ्या आवाजाला दचकलात. डोक्यावरून पदर पडलेली, टपावर हात आपटणारी सून बघून तुम्ही कड्यावरून मागं व्हावं तसे एकदम बाजूला झालात. लॉरी तुमच्या जागेवरून गेली आणि खाली वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. पेरू नदीपर्यंत घरंगळले. माझी बरगडी टोपलीवर आपटली.

माणसं जमली. आम्हाला उतरवलं. कुणी लॉरीकडं बघत होतं, कुणी माझ्याकडं. देवळाजवळच्या दोन बायका तोंडाला पदर लावून कुजबुजल्या, "सासऱ्याला हाक मारली गं, नाव घेतल्यागत." तुम्ही अंगावरची धूळ झटकत होतात. झटकून झाली तरी झटकतच होतात.

पोट माझं दगडासारखं आवळून आलं होतं. देवळाच्या ओवरीत आत्याबाईंनी मला निजवलं आणि माझ्या पोटावर कान लावून बसल्या. तुम्ही खांबापाशी पाठ करून उभे होतात. दर्शनालाही गेला नाहीत. उन्हं कलायला आली तेव्हा बाळ हललं. आत्याबाई हुंदका देऊन म्हणाल्या, "हाय, हाय!" तुमची पाठ तशीच होती, पण खांबाला धरलेला हात खाली आला. परतताना तुम्ही त्या लॉरीत पाय ठेवू दिला नाहीत. एस.टी.नं आलो. सगळ्यात पुढच्या बाकावर तुम्ही बसलात आणि घर येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला अजून सोसवत नाहीत. तुम्ही भिंतीशीही बोलेनासे झालात. "म्हणावं" हा शब्दच घरातून गेला. मी ताट वाढून सरकवायची, तुम्ही जेवून उठायचात. आत्याबाई म्हणायच्या, "जीव वाचला न्हवं? मग झालं." पण मला वाटायचं, मी तुम्हाला चारचौघांत खाली पाहायला लावलं. यांनी विचारायचा प्रयत्न केला तर तुम्ही "पाणी सोडायचंय" म्हणून निघून गेलात. दिवस भरत आले होते, दारात गाडी नव्हती, आणि मीच ती घालवली असं मला वाटत होतं.

मग एके सकाळी काही न सांगता तुम्ही नाहीसे झालात. पुढं काय घडलं ते मला बाबांनी सांगितलं. तुम्ही वालचंदनगरला चाळीत जाऊन उभे राहिलात. व्याह्याच्या दारात लग्नकार्याखेरीज न जाणारे तुम्ही. चहाही न घेता म्हणालात, "ती बुटकी गाडी दावा." ठेकेदारानं इंजिन सुरू करून दाखवलं, चाकं दाखवली. तुम्ही तिकडं लक्षच दिलं नाहीत. फाळका खाली सोडायला लावलात, फेटा काढून उशाला घेतलात आणि हौद्यात सरळ आडवे झालात. रस्त्यानं जाणारे कामगार थांबून बघायला लागले. ठेकेदाराला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. तुम्ही डोळे मिटून पडून राहिलात, कूस बदलून बघितलीत, मग उठून बसलात आणि बाबांना म्हणालात, "माझ्या पायाला फळी लागती. म्हंजी बाईमाणूस बिनघोर मावंल."

बाबा हे सांगताना हसत होते. मी हसले नाही, मला रडू आलं. हे ऐकून तुमच्या पाया पडावं असं वाटलं, पण सुनेनं काय निमित्त सांगून पडायचं?

त्याच गाडीतून मी गेले. उसाच्या पाचटावर गोधडी, गोधडीवर मी, उशाशी आत्याबाई. हे गाडी चालवत होते. तुम्ही कॅबिनमध्ये बसला नाहीत आणि हौद्यात येणं मर्यादेत बसेना, म्हणून फूटबोर्डवर उभे राहून बाहेर लटकलात. एका हातानं दाराची चौकट धरलेली, फेट्याचा शेमला वाऱ्यावर, आणि साऱ्या वाटेनं उसाच्या बैलगाड्यांवर ओरडताय, "बाजूला घ्या! बाजूला घ्या रं!" मी कळा देत होते आणि तरीही मला ते ऐकून बळ येत होतं. पोरगी सुखरूप झाली. तुम्ही दवाखान्याच्या दारातूनच आत्याबाईंना म्हणालात, "तिला म्हणावं, बेस झालं." किती दिवसांनी "म्हणावं" ऐकलं! मी उशीत तोंड खुपसलं.

पुढं आपलं भांडण पुन्हा सुरू झालं, आणि मला त्याचा आनंदच होता. गाडी चिखलात रुतली की तुमच्या तोंडी ती सुनंची गाडी. बाजारातून पैसे घेऊन आली की आमची गाडी. पुण्याहून येताना दिवेघाट चढताना तापायची, तेव्हा तुम्ही ऐकवायचात, "म्हणावं, भरलेली तापली असती तर समजलो असतो. ही रिकामी तापती." तुमचं खरं होतं. तिच्यात ताकद कमीच होती. माल वाढला तशा दोन दोन खेपा पडायला लागल्या. यंदा तुम्ही हट्टच धरलात, ही काढायची आणि मोठी घ्यायची. मी म्हणाले, म्हणावं, मोठी घ्या, पण ही काढायची नाही. तुम्ही म्हणालात, दोन दोन मोटारी ठेवायला हा काय डेपो आहे? ते तिथंच राहिलं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही बांधावर बसलात आणि छातीवर हात धरलात. घामानं बंडी भिजली होती. यांनी हौद्यातल्या भरलेल्या टोपल्या भराभरा खाली ओतल्या. हँडल मारलं. एका झटक्यात सुरू झाली, मामंजी. तिला नावं ठेवायला तिनं त्या दिवशी जागा ठेवली नाही. तुम्हाला गोधडीवर निजवलं. आत्याबाईंना मागं चढवेना, म्हणून त्यांना पुढं बसवलं. मागं तुमच्याजवळ मीच. तुमचं डोकं मांडीवर घेतलं. पदर वाऱ्यानं मागं गेला तो मी ओढला नाही.

तुमचे डोळे उघडे होते. पडल्या पडल्या तुम्हाला नुसतं आभाळ दिसत असणार, कुठं आलो ते कळत नसणार, असं मला वाटलं. म्हणून मी सांगायला लागले. "मामंजी, कालवा मागं पडला. मामंजी, आता चिंचा आल्या. वांगी तशीच पडलीत, पर त्यांचं काय एवढं. पोरगी शेजारी ठेवलीय. आता ओढ्यावरची मोरी येईल, जरा दणका बसंल." मोरी आली तेव्हा तुम्ही माझा हात घट्ट धरलात. एवढं नक्की. मग मी बोलतच सुटले. इतक्या वर्षांचं साठलेलं, मध्ये कुणी नाही, इंजिनाच्या आवाजात पुढं ऐकू जायची भीती नाही. "मामंजी, गुऱ्हाळ आलं," म्हणाले तेव्हा तुम्ही हुंकार दिलात असं मला वाटलं. का तो गाडीचाच आवाज होता, मी अजून ठरवते आहे. पुढं फाटा, पुढं बारामतीची घरं, एकेक करून सगळं सांगितलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी धरली आणि म्हणाले, यांना जाऊन बराच वेळ झाला, वाटेतच कुठंतरी.

गाडीनं उशीर केला नाही. हे कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन.

पण वाटेत म्हणजे कुठं, हे डॉक्टरांना सांगता येईना. मोरीपर्यंत तुम्ही होतात. गुऱ्हाळापर्यंत बहुतेक होतात. आणि मामंजी, गुऱ्हाळ गेल्यावरच मी तुम्हाला म्हणाले, की ही गाडी माझ्या माहेरची नाही, तुम्ही निवडलेली आहे, आणि फार चांगली निवडलीत.